आकाश वांगणीला गेलेलं नाही

खोताच्या वाडीतल्या माझ्या एका मित्राच्या घरात, दारातून आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे. काळ्या पार्श्वभूमीवर गडद लाल धुराचं एक कडं, मधोमध पोकळ, आणि त्या पोकळीत मूठभर तारे. शृंगाश्वातला रोझेट तेजोमेघ. खाली मी बारीक अक्षरात लिहिलं आहे : खोताची वाडी, गिरगाव, सात रात्री, १६४ फ्रेमा. दुर्बीण माझी, मागचं अंगण मित्राचं, आणि रात्री अडीच वाजता दाराची कडी काढून चहा देणारी त्याची आई, जिच्याशिवाय सातातल्या चार रात्री झाल्याच नसत्या.

गेल्या नाताळात वाडीतली रोषणाई बघायला आलेले एक ज्येष्ठ खगोलप्रेमी त्या चौकटीपुढे थांबले. गिरगाव-दादरच्या निदान दोन पिढ्यांना त्यांनी नक्षत्रं ओळखायला शिकवलं आहे, मलाही. चष्मा वर करून त्यांनी खालची ओळ वाचली आणि म्हणाले, “चित्र छान आहे रे. पण हे आकाश इथलं नाही, कॉम्प्युटरमधलं आहे. इथं आता काय उरलंय? आकाश बघायचं तर वांगणीला जायचं.” मग केकच्या बशीबरोबर बाकीचे मुद्देही आले. डोळ्याला जे दिसत नाही त्याचा फोटो कसला? रंग तर तुम्हीच भरता. हबलचे फोटो फुकट मिळतात. आणि हे लाखालाखाचे खेळ. दुसऱ्याच्या घरी, हातात बशी असताना, आपल्या शिक्षकाशी वाद घालायची गिरगावात पद्धत नाही. मी “हो काका” म्हटलं. ते ‘हो’ खरं नव्हतं, म्हणून आता लिहितो.

त्यांचं जेवढं बरोबर आहे तेवढं आधी मान्य करतो. गिरगावचं आकाश वाईट आहे. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची जी पट्टी मांडली, तिच्या शेवटच्या, नवव्या पायरीवर आपण उभे आहोत. पावसाळ्याचे चार महिने हातचे जातात; थंडीत आभाळ निरभ्र होतं तेव्हा हवेत धुरळा आणि धूर; मार्चनंतर दमट वाफ. मागच्या अंगणातून चांगल्या रात्री मी मोजलेले तारे तीसच्या वर कधी गेले नाहीत. आणि वांगणीबद्दल बोलायचं तर मी काय, मुंबईतल्या कित्येकांनी आकाशगंगेचा पट्टा पहिल्यांदा पाहिला तो खगोल मंडळाच्या रात्रभरच्या कार्यक्रमात, तिथल्या माळावर, चटईवर पाठ टेकून. कर्जत लोकल, डबा, कानटोपी, पहाटेचा चहा. त्या रात्रींचं ऋण मी नाकारत नाही. पण ‘वांगणीचं आकाश चांगलं आहे’ आणि ‘गिरगावात आकाश नाही’ ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिलं निरीक्षण आहे. दुसरी सोय आहे.

रोझेट तेजोमेघ आपल्यापासून सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवर आहे. मधल्या तरुण ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं भोवतालचा हायड्रोजन पेटता राहतो आणि मुख्यतः एका ठरावीक लाल रंगात, ६५६.३ नॅनोमीटरच्या तरंगलांबीवर, उजळतो. तो प्रकाश निघताना वांगणीचं तिकीट काढून निघत नाही. वांगणीच्या माळावर तो जेवढा पडतो जवळजवळ तेवढाच, हवेतल्या धुरळ्यानं थोडा खाल्लेला, खोताच्या वाडीतल्या शहाबादी फरशीवरही पडतो. रोज रात्री पडतो. शहरानं तो कमी केलेला नाही. त्यात दुसरा प्रकाश मिसळला आहे. तांदूळ आहे तेवढाच आहे, खडे फार झालेत. मग प्रश्न निवडण्याचा उरतो, आणि खडे फार झाले म्हणून घरात तांदूळच नाही असं कुणी म्हणत नाही.

निवडायचं सूप म्हणजे नॅरोबँड फिल्टर. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे तीनशे नॅनोमीटरची पेठ. माझा फिल्टर त्यातली हायड्रोजनच्या रेषेभोवतीची फक्त पाच नॅनोमीटरची फट उघडी ठेवतो. पांढऱ्या दिव्यांचा उजेड सगळ्या पेठेत पसरलेला, म्हणून त्यातला ढोबळमानानं साठावा हिस्साच आत येतो. तेजोमेघाचा हायड्रोजन मात्र जवळजवळ सगळा. उरलेलं काम वेळ करतो. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेमा घ्यायच्या, ढगाच्या आणि विमानाच्या फेकायच्या, बाकीच्यांची सरासरी काढायची. फ्रेमांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाच्या पटीत खरखर कमी होते : १६४ फ्रेमांत जवळजवळ तेरा पट. साडेतेरा तासांहून जास्त उजेड एका कागदावर जमतो. यात जादू नाही. शाळेतलं गणित आणि भरपूर डास आहेत.

आता हे अंगण कसं आहे ते सांगितलं पाहिजे, कारण ‘इथं’ म्हणताना काकांच्या डोळ्यांपुढे नुसतं एक उजळ शहर होतं आणि माझ्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट फट आहे. उत्तरेला मित्राच्याच घराचं कौलारू छप्पर आणि त्यामागे एक उंच इमारत. मुंबईचा अक्षांश एकोणीस अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर. ध्रुव अढळ असेल. या अंगणातून तो कधीच दिसत नाही. दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखल्याशिवाय तारे फ्रेमेत लांबतात, आणि जो दिसत नाही त्याच्याकडे रोख धरायचा तर दुसऱ्याच ताऱ्याची घसरण तासभर तपासत स्क्रू पिळावे लागतात. सुरुवातीच्या दोन हिवाळ्यांत मी एवढंच शिकलो. नंतर फरशीवर तिवईच्या तीन पायांच्या जागी तीन खुणा रंगवल्या. मित्राच्या आईला वाटलं रांगोळीचे ठिपके आहेत. तिनं घासून काढले. पुन्हा रंगवले.

पूर्वेला आणि पश्चिमेला इमारती. मध्ये डोक्यावर उरते ती सुमारे चाळीस अंशांची पट्टी. आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, त्यामुळे कुठलाही तारा एका बाजूच्या गच्चीवरून उगवून दुसऱ्या बाजूच्या पाण्याच्या टाकीमागे बुडायला दोन तास चाळीस मिनिटं घेतो. एवढीच माझी रात्र. पण पट्टी डोक्यावर आहे, आणि डोक्यावरची हवा सगळ्यांत पातळ. मुंबईच्या माथ्यावरून काय काय जातं ते पाहा : रोझेट शहात्तर अंशांवर, मृगातला मोठा तेजोमेघ पासष्टवर, वृषभेतला क्रॅब जवळजवळ थेट डोक्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी जंबुकातला डंबेल तसाच. लंडनकरांना धनूतला लगून तेजोमेघ क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर मिळतो, गिरगावकरांना सत्तेचाळीस. वाडीत क्षितिज नाही हे खरं. पण तेजोमेघवाल्याला क्षितिजाचं काम फार पडत नाही.

आता मुख्य आरोप : डोळ्याला दिसत नाही, सबब खोटं. हा आरोप आकाशदर्शनाला आयुष्य दिलेल्या माणसानं करावा याचं मला जास्त वाईट वाटलं.

माणसाचा डोळा उजेड साठवत नाही. सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं काहीतरी धरून ठेवतो आणि पाटी पुसतो. शिवाय अंधारात ज्या पेशी काम करतात त्यांना गडद लाल जवळजवळ दिसतच नाही, आणि हायड्रोजन उजळतो तो नेमका तिथं. म्हणून वांगणीच्या काळोखातही भिंगाला डोळा लावून कुणाला रोझेट लाल दिसलेला नाही. दिसलाच तर राखाडी धुकं. त्या राखाडीला खरा रंग म्हणायचं असेल तर अंधाऱ्या खोलीतली जास्वंदही राखाडी म्हणावी लागेल. हेन्री ड्रेपर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरानं ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तो एक्कावन्न मिनिटांचा. अँड्र्यू कॉमन या सांडपाण्याच्या इंजिनिअरनं १८८३ मध्ये लंडनजवळच्या ईलिंगमध्ये, आपल्या घरच्या बागेतून, त्याच तेजोमेघाचा फोटो काढला आणि त्यात असे तारे आले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. दोघेही हौशी. पुढच्याच वर्षी कॉमनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं सुवर्णपदक दिलं, आणि ते दिलं ते त्यानं काढलेल्या फोटोंसाठी. ‘हे तारे आम्हाला दिसत नाहीत, तेव्हा ते तुमच्या काचेतले आहेत’ असं त्या सभेत कुणी म्हटलं असतं तर?

इतक्या लांब कशाला जा. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर रोवला आणि दिवसाला एक अशा हिशेबानं महिनाभर चित्रं घेतली. ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर मिनिटभरात बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते. असं वाढणारं रोप जन्मात कुणाच्या डोळ्यानं पाहिलेलं नाही. मग ते खोटं झालं? ज्यांना ते दाखवलं त्यांचा विश्वास बसला, पैसा उभा राहायला मदत झाली, आणि त्यातूनच पुढे ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ इथंच, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये, लोकांसमोर आला. फाळक्यांनी पुष्कळ दिवस दाबून मिनिटभरात बसवले. मी पुष्कळ तास दाबून एका चित्रात बसवतो. वेळेला घडी घालण्याची ही कला या मोहल्ल्याला नवी नाही. गिरगावकराला ती परकी वाटावी याचं मात्र नवल वाटतं.

रंगाचंही तसंच. माझा कॅमेरा काळापांढरा. भिंतीवरच्या चित्रातला लाल मी दिलेला आहे, हे खरं. पण हायड्रोजनच्या त्या तरंगलांबीचा जो रंग, तोच दिला आहे. तिरंगी तेजोमेघांची गोष्ट वेगळी. तिथं गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या तीन वेगळ्या फिल्टरांतून तीन चित्रं घेतात आणि त्यांना लाल, हिरवा, निळा वाटून देतात. हबलनं १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातल्या खांबांचं जे जगप्रसिद्ध चित्र दिलं ते याच रीतीनं. तिथं लालभडक हायड्रोजनला हिरव्याचा मान मिळतो, तेव्हा ते डोळ्याचं चित्र नव्हे, नकाशा आहे. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या, आपल्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीला एकेका रंगाचा वेगळा दगड असे. दगडावर दगड छापत चित्र उभं राही. फाळक्यांनीही त्या छापखान्यासाठी काम केलं होतं. कुठला दगड कुठल्या रंगाचा हे कारागिराला पाठ असे. तेवढीच अट मी माझ्या धंद्याला लावतो : कुठल्या वायूला कुठला रंग दिला ते चित्राखाली लिहा.

आणि इथं काकांच्या बाजूनं एक पाऊल टाकतो, कारण त्यांच्या संशयाला हल्ली आधार आहे. काही फोन चंद्राच्या अस्पष्ट ठिपक्यात आपल्या पोतडीतले खड्डे भरून देतात. तेजोमेघांच्या चित्रांतही आता अशी साधनं आली आहेत की जी खरखर पुसता पुसता धाग्यासारखे तंतू स्वतःच विणतात. ती चित्रं स्पर्धा जिंकतात. सरासरी काढणं, उजळ आकाशाचा थर वजा करणं, अंधूक भाग ताणून वर आणणं, हे सगळं मी करतो आणि त्यातला प्रत्येक टप्पा उलटा चालून दाखवू शकतो. भिंगावरची धूळ आणि कडेचा अंधार काढायला दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून संध्याकाळच्या आभाळाचे जे फोटो घ्यावे लागतात तेसुद्धा माझ्याकडे तारखेनिशी आहेत. पण जे फ्रेमेत आलंच नव्हतं ते यंत्राकडून भरून घेणं, ही लबाडी आहे, मग ती वांगणीच्या काळोखात केलेली असली तरी. म्हणजे खरंखोट्याची रेघ फ्रेमेत काय आलं होतं इथून जाते. गाव आणि शहर यांच्या मधून जात नाही.

याच ठिकाणी मला पुण्याच्या कावसजी दादाभाई नायगमवालांची आठवण काढायची आहे, कारण तेजोमेघांच्या बाबतीत प्रतिवाद करणारा आपल्याकडचा पहिला माणूस बहुधा तोच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणाऱ्या या पारशी गृहस्थानं भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथं महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. वीस इंची दुर्बीण, त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. तेव्हा तेजोमेघांच्या वर्णपटातल्या मुख्य हिरव्या रेषेवरून इंग्लंडात जुंपली होती. नॉर्मन लॉकयर म्हणत, ती मॅग्नेशियमची. तसं असतं तर रेषेची एक कड पसरट, झालरीसारखी दिसली असती. नायगमवालांनी पुण्यातून मृगातला तेजोमेघ पाहिला आणि १८९१ मध्ये कळवलं : रेषा धारदार आहे, झालर नाही. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, ५००.७ नॅनोमीटरची. माझ्या डबीतला दुसरा फिल्टर नेमका त्याच रेषेचा आहे. लॉकयर कोण होते? हेलियमचा शोध ज्यांच्या नावावर जमा आहे ते, ‘नेचर’चे संस्थापक संपादक. त्यांना नायगमवालांनी एका रेषेच्या कडेवरून उत्तर दिलं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली.

ती तरी गेलीच ना, असं काका म्हणतील. आणि त्यांच्या भात्यात याहून चांगला बाण आहे. १८२६ मध्ये स्थापन झालेली कुलाब्याची वेधशाळा, जिथं बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे यांनी काम केलं, तिथली चुंबकीय उपकरणं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली. शहर गोंगाट करू लागलं की शास्त्र खाडीपलीकडे जातं, तुम्ही पण जा. उदाहरण बिनतोड वाटतं. फक्त अर्धं सांगितलेलं आहे. एक तर ट्रामच्या विजेतून पृथ्वीचं चुंबकत्व वेगळं काढणारी चाळणी तेव्हा नव्हती. प्रकाशाला ती आहे. दुसरं असं, की उपकरणं उचलून ते लोक चालते झाले नाहीत. पुढची दोन वर्षं, १९०६ पर्यंत, कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेत राहिले, म्हणजे जुन्या जागेचं खातं नव्या जागेशी जुळावं. सोडून जाण्याचीही एक रीत असते. गिरगावच्या आकाशाचं असं खातं कुणी ठेवलं? आपण नुसतेच लोकलमध्ये बसलो.

हबलचे फोटो फुकट मिळतात म्हणून तुम्ही काढू नका, या मुद्द्याला मी एवढंच म्हणेन की लताबाईंची गाणीही सगळीकडे ऐकायला मिळतात आणि तरी काका रोज सकाळी पेटी काढून बसतात. खर्चाचा मुद्दा जरा खरा आहे. माझी जुळवाजुळव पाच वर्षांत, निम्मी सेकंडहँड, दीड लाखाच्या घरात गेली, आणि ती रक्कम लहान नाही. पण मृगातला तेजोमेघ गच्चीवरून साध्या जुन्या कॅमेऱ्यानं, पन्नासच्या लेन्सनं, काही सेकंदांत गुलाबी बोटासारखा उमटतो. तेवढ्यावर सुरुवात होते. आमच्या हौशीतला मोठा खर्च मुळात काचेचा नसून बुरशीचा आहे. जूनमध्ये भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी झोपवायला विसरलात की ऑगस्टमध्ये त्यांच्यावर कोळ्याची जाळी सापडते.

काकांनी न काढलेला एक मुद्दा आहे, आणि तो सगळ्यांत जड आहे. फिल्टर लावून तुम्ही शरणागती पत्करलीत. पाच नॅनोमीटरच्या फटीतून बघणाऱ्याला बाकीचे दोनशे पंच्याण्णव गेले तरी चालतात. याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. जुने सोडियमचे दिवे पिवळ्या रंगाच्या एका अरुंद पट्ट्यात जळत. त्यांना बाजूला ठेवून आकाश बघणं सोपं होतं. पांढरे एलईडी सगळ्या रंगांवर एकदम चढाई करतात. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा शहरानं ओरड केली, आणि पुढे तिथं पिवळसर उजेड परत आला. ओरड ‘राणीच्या हारा’साठी, म्हणजे त्या पिवळ्या दिव्यांच्या माळेसाठी होती, आकाशासाठी नव्हती. माझा फिल्टर या चढाईतून हायड्रोजन वाचवतो, ऑक्सिजन वाचवतो, पण कृत्तिकांभोवतीची निळी धूळ वाचवू शकत नाही, कारण ती स्वतः उजळत नाही, ताऱ्यांचाच सर्वरंगी प्रकाश परतवते. ती आणि रस्त्यावरचा दिवा यांत चाळणीला फरक कळत नाही. गिरगावातून मला ती आजवर मिळालेली नाही. त्यासाठी मीही वांगणीला जातो, आणि नागपूरकडे गेलो की २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालेल्या पेंचच्या जंगलाच्या कडेला एक रात्र काढायचा बेत आहे. पण पेंच राखलं म्हणजे गिरगावचा हिशेब मिटला असं मी धरणार नाही. अभयारण्य केलं की बाकीचं रान तोडायला मोकळे, हा व्यवहार आपण वाघांच्या बाबतीत पाहिलेला आहे.

आता त्या तीन शब्दांकडे येतो, ज्यांच्यामुळे हे लिहायला बसलो. ‘काय उरलंय इथं?’ खोताच्या वाडीत हे वाक्य मी काकांच्या आधी पुष्कळदा ऐकलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना घरं बांधायला दिली. लाकडी जिने, ओटे, कौलं, रंगीत कठडे. कधीकाळी पासष्ट घरं होती, आता त्यांतली निम्मीसुद्धा नाहीत. प्रत्येक घर पाडायच्या आधी कुणीतरी ओट्यावर बसून, चहा पिऊन, अगदी प्रेमानं हेच म्हटलेलं असतं : इथं आता काय उरलंय, तिकडे मोठी जागा मिळेल. बोलणाऱ्याला ते वर्णन वाटतं. पण वाक्य बोललं गेलं की खिडकीला रंग दिला जात नाही, कौल बदललं जात नाही, आणि दहा वर्षांत ते खरं होतं. आकाशाचं तेच. ‘शहरात आकाश नाहीच’ असं शिक्षकानं सांगितलं की खांबावरच्या दिव्याला टोपी घाला म्हणून अर्ज करायला कोण जाणार? जे नाहीच त्याच्यासाठी?

देवयानी दीर्घिकेएवढे फोटो दुसऱ्या कुठल्या दीर्घिकेचे निघाले नसतील. शंभरहून अधिक वर्षं मोठमोठ्या दुर्बिणी तिच्यावर रोखलेल्या. तिथं काय उरलंय? ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या तीन हौशी मंडळींनी २०२२ मध्ये जेमतेम दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीला ऑक्सिजनचा नॅरोबँड फिल्टर लावून शंभराहून अधिक तासांचा उजेड गोळा केला, आणि तिच्या शेजारी एक भली मोठी निळसर कमान निघाली, जी आधी कुणाच्याच फोटोत नव्हती. नायगमवालांच्या त्याच रेषेत. तसंच जानेवारी २००४ मध्ये जे मॅकनील यांना केंटकीत, घरामागच्या तीन इंची दुर्बिणीनं घेतलेल्या फोटोत, मृगात एक नवाच तेजोमेघ दिसला. आज तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. मला असं काही सापडलेलं नाही, आणि त्यांची आकाशं माझ्याहून काळी होती हेही खरं. माझ्या १६४ फ्रेमांतून विज्ञानाला काही मिळालेलं नाही.

मला मात्र एक मिळालं, आणि ते शोधायला मी बसलोही नव्हतो. प्रत्येक फ्रेमेवर तिची वेळ नोंदलेली असते. दोन हिवाळ्यांच्या फायली शेजारी ठेवल्या, जानेवारीची तीच तारीख, फरशीवरच्या त्याच तीन खुणा. गेल्या वर्षी पूर्वेच्या गच्चीवरून रोझेट बाहेर येऊन पहिली चांगली फ्रेम पडली ती १० वाजून १० मिनिटांनी. यंदा १० वाजून ३८ मिनिटांनी. रोझेट उशिरा उगवलेला नाही. पूर्वेच्या इमारतीवर मधल्या वर्षात आणखी मजले चढले. सात अंश गेले, अठ्ठावीस मिनिटं गेली. काकांना त्या दोन फायली छापून पाठवल्या आहेत, वरच्या कोपऱ्यातल्या वेळेवर पेन्सिलनं गोल करून.